अडकलेल्या बटणाची दीडशे वर्षं

टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्यांचा एक नियम जगभर सारखाच होता. अक्षरांच्या दांड्या ज्या अर्धगोल खाचांमध्ये बसवलेल्या असतात, तिथे तेलाचा थेंबही सोडायचा नाही. नवख्या माणसाला हे उलटं वाटे. यंत्र अडतंय, मग तेल नको? कागद धरणारी कॅरेज ज्या रुळावरून सरकते, तिथे तेलाचं बोट फिरवलेलं चालायचं. पण खाचांमध्ये तेल गेलं, की यंत्र पहिले काही दिवस झकास पळे. मग त्या तेलावर धूळ बसे, रिबनचे धागे बसत, खोडरबराचा चुरा बसे. त्याचा चिकट लगदा होई आणि एके दिवशी वर गेलेली दांडी खाली यायचं नावच घेत नसे. मेकॅनिकच्या हाती यंत्र आलं, की तो पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशानं खाचा धुऊन काढायचा, हवा मारून सुकवायचा आणि यंत्र कोरडंच परत करायचा.

तेल पाजायची ही सवय लोकांना शिवणयंत्रामुळे लागली असावी, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नव्हती. टाइपरायटरचा जन्मच शिवणयंत्राच्या कारखान्यात झाला होता. मिलवॉकी शहरातला ख्रिस्तोफर लॅथम शोल्स हा मूळचा छापखान्यातला आणि वर्तमानपत्रातला माणूस. त्यानं कार्लोस ग्लिडन आणि सॅम्युअल सोल यांच्याबरोबर १८६८ मध्ये लिहिण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८७३ मध्ये हे यंत्र न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावच्या ई. रेमिंग्टन अँड सन्सकडे गेलं. ही कंपनी बंदुका बनवायची आणि अमेरिकी यादवी संपल्यावर शिवणयंत्रंही बनवू लागली होती. १८७४ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या टाइपरायटरवर फुलांची नक्षी होती. तो शिवणयंत्रासारख्याच लोखंडी स्टँडवर बसवलेला होता आणि ओळ संपल्यावर कॅरेज मागे आणायला खाली चक्क पायटा होता. किंमत १२५ डॉलर.

त्या यंत्रात दांड्या खालून वर उडून कागदाच्या पोटाला आपटायच्या. त्यामुळे टाइप करणाऱ्याला आपण काय उमटवतोय हे दिसतच नसे. दोन दांड्या एकमेकींत अडकल्या, तरी कॅरेज उचलून पाहीपर्यंत पत्ता लागत नसे. कीबोर्डाच्या वरच्या ओळीतला क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय हा क्रम याच अडकण्यामुळे आला, असं शाळेपासून सांगितलं जातं. जोडीनं येणारी अक्षरं लांब ठेवली की दांड्या भिडत नाहीत, असा तो तर्क. गोष्ट सुटसुटीत आहे, पण सगळ्यांना पटलेली नाही. क्योतो विद्यापीठातल्या कोइची आणि मोतोको यासुओका यांनी २०११ मध्ये जुने नमुने तपासून वेगळा मुद्दा मांडला. सुरुवातीच्या ग्राहकांत तारखात्यातले लोक होते, मोर्स संदेश कानानं ऐकून टाइप करताना त्यांना जे सोयीचं पडलं त्यानुसार अक्षरं सरकत गेली, असं त्यांचं म्हणणं. ई आणि आर ही इंग्रजीत वारंवार जोडीनं येणारी अक्षरं आजही शेजारी-शेजारीच बसलेली आहेत. अडकण्याचा सिद्धान्त सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

अंडरवुड कंपनीनं १८९० च्या दशकात समोरून आपटणाऱ्या दांड्यांचं यंत्र आणलं आणि लिहिलेलं डोळ्यांसमोर दिसू लागलं. सोय मोठी होती. पण आता दांड्यांची अख्खी टोपली कागदाच्या पुढ्यात, उघडी पडली. चूक खोडायची तर खोडरबराचा चुरा नेमका त्या टोपलीत पडणार. म्हणून टायपिंगच्या वर्गात एक शिस्त शिकवली जाई: खोडण्याआधी कॅरेज एका टोकाला सरकवायची, म्हणजे चुरा यंत्राच्या बाहेर पडतो. टाइपरायटरसाठीचं खास खोडरबरही निघालं. गोल चकतीसारखं रबर आणि त्याला मागे शेपटीसारखा ब्रश. खोडायचं आणि लगेच झाडायचं. ही वस्तू आता कुणाच्या टेबलावर दिसत नाही. मात्र क्लास ओल्डनबर्ग आणि कोशे व्हान ब्रुगन यांनी बनवलेलं तिचं भलंमोठं शिल्प वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या बागेत उभं आहे, आणि ते नेमकं काय आहे हे तरुण पर्यटकांना सांगावं लागतं.

१९५० च्या दशकात डॅलसमधल्या बेट नेस्मिथ ग्रॅहम या सेक्रेटरीनं खोडण्याऐवजी पांढरा रंग फासायची युक्ती काढली. ती लिक्विड पेपर या नावानं विकली गेली आणि १९७९ मध्ये जिलेट कंपनीनं हा धंदा ४.७५ कोटी डॉलरना घेतला. चुरा कमी झाला. त्याच्या जागी दांड्यांवर आणि रोलरवर वाळलेले पांढरे ठिपके आले, ते नखानं खरवडावे लागत.

महाराष्ट्रात या कचऱ्याला देवनागरीची भर पडली. इंग्रजी यंत्रात ई, ओ, ए या अक्षरांची पोटं शाईनं आणि रिबनच्या धाग्यांनी भरून जात आणि कागदावर काळे ठिपके उमटत. मराठी यंत्रात पोटाची अक्षरं कितीतरी जास्त. व आणि ब यांत फरक तो पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. दोघांची पोटं भरली की वाचणाऱ्यानं अंदाजानंच वाचायचं. ध, भ, म, क्ष यांचीही तीच तऱ्हा. म्हणून टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जुना टूथब्रश आणि टाचणी ही यंत्राबरोबरची हत्यारं असत.

दुसरी अडचण मात्रांची. देवनागरीची सगळी अक्षरं आणि जोडाक्षरं बसवायला कीबोर्डावर जागा नाही, म्हणून अनेक अक्षरं अर्ध्या रूपात ठेवली गेली आणि पुढे काना देऊन ती पुरी करायची सोय झाली. साहजिकच काना देणारं बटण सगळ्यांत जास्त झिजे. मात्रा, उकार, अनुस्वार यांची काही बटणं मुद्दाम 'मुकी' ठेवलेली असत. ती दाबली की खूण उमटते, पण कॅरेज पुढे सरकत नाही. या यंत्रणेत धूळ बसली किंवा तिची जुळणी ढळली, की कॅरेज नको तिथे एक घर पुढे जाई आणि मात्रा शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे. इंग्रजी टाइपरायटर चांगला जाणणारा मेकॅनिक मराठी यंत्रापाशी थबकायचा तो इथे.

मराठी यंत्रांची मागणी वाढली ती राज्यकारभारामुळे. राज्य स्थापन झाल्यावर जुलै १९६० मध्ये भाषा संचालनालय आलं, १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला, आणि तालुक्याच्या कचेरीपर्यंत मराठी टंकलेखक लागू लागले. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द अशा सरकारी परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनी इन्स्टिट्यूटची यंत्रं सकाळी सहापासून रात्रीपर्यंत बडवली. एका यंत्रावर दिवसभरात आठ-दहा जणांचे हात पडत. घामाचे, घाईचे आणि हाताला वळण नसलेले. अशा ठिकाणी मेकॅनिक बिघाड झाल्यावर येत नसे. त्याच्याशी वर्षाचा करारच असे आणि तो ठरल्या दिवशी पिशवी घेऊन हजर होई: स्क्रूड्रायव्हर, दांड्या सरळ करायचे चिमटे, ब्रश, पेट्रोलची बाटली, जुनं बनियन.

यंत्रंही तोवर देशी झाली होती. गोदरेज अँड बॉइसनं १९५५ मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. त्याच वर्षी मद्रासजवळच्या आवडी इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, तिथल्या प्रदर्शनात तो मांडला गेला. पंडित नेहरूंनी त्याला स्वतंत्र, औद्योगिक भारताचं प्रतीक म्हटलं, असं कंपनीच्या इतिहासात अभिमानानं सांगितलं जातं. टाइपरायटरसाठी शेकडो बारीक भाग अचूक मापात घडवावे लागतात, त्यामुळे ही बढाई नव्हती. शिवाय सुटे भाग देशातच मिळू लागल्यानं मेकॅनिकचा धंदा पक्का झाला. मोडलेली दांडी, तुटलेली स्प्रिंग, झिजलेला रोलर, प्रत्येक वस्तू वेगळी मिळे आणि वेगळी बदलता येई.

सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यातलं गोदरेजचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं. दोन वर्षांनी उरलेल्या काहीशे यंत्रांची बातमी आली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद' असा मृत्युलेख छापून टाकला. तो घाईचा होता. इतरत्र टाइपरायटर बनत होते.

विजेच्या एका टाइपरायटरनं दांड्यांचा प्रश्न एका फटक्यात सोडवला होता. आयबीएमच्या १९६१ च्या सिलेक्ट्रिक यंत्रात दांड्या नव्हत्याच. ८८ चिन्हं कोरलेला एक गोळा गिरक्या घेत कागदावर आपटायचा. अडकायला दुसरं काही नाही. आपल्याकडे ही यंत्रं मोजक्या मोठ्या कार्यालयांतच दिसली.

खरा बदल झाला तो संगणकाबरोबर. टाइपरायटरमध्ये बोटाखालचं बटण आणि कागदावरचं अक्षर यांच्यामध्ये लोखंडाची सलग साखळी असते. बिघाड कुठे आहे हे डोळ्यांनी, फार तर भिंगानं दिसतं. संगणकाचं बटण काही उमटवत नाही. ते फक्त निरोप देतं. आडव्या-उभ्या तारांची एक जाळी असते. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी तार जोडली जाते, आणि कीबोर्डातली चिप ही जाळी सेकंदाला अनेकदा चाचपून कोणतं घर जोडलं गेलं ते मुख्य यंत्राला कळवते. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला तर्क चालवावा लागतो. एकच बटण मुकं झालं असेल तर कचरा किंवा झीज त्याच जागी आहे. एकमेकांशी संबंध नसलेली पाच-सहा बटणं एकदम गेली असतील तर ती बहुधा एकाच तारेवरची असतात आणि तार तुटलेली असते, मग ब्रश फिरवून काही होत नाही. सगळाच कीबोर्ड गप्प असेल तर आधी वायर, मग पोर्ट, आणि दुसरा कीबोर्ड लावून पाहणं. हा शेवटचा उपाय सर्वांत साधा. तो सोडून माणसं थेट स्क्रूड्रायव्हर उचलतात, हा या धंद्यातला जुना वैताग.

निरोप द्यायचा म्हणजे दोन तारांचा स्पर्श व्हायला हवा, आणि स्पर्शाच्या मध्ये धूळ येते. म्हणून सुरुवातीच्या अभियंत्यांनी स्पर्शच टाळायचे मार्ग शोधले. हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागानं १९६८ मध्ये बटणाखाली चुंबक बसवला आणि चुंबकाच्या हालचालीवरून निरोप द्यायची सोय केली. आयबीएमनं विद्युतधारिता वापरली. बटणाखालची स्प्रिंग दाबता-दाबता एका क्षणी बाजूला वाकते, खालची छोटी पट्टी उलटते आणि जाळीला बदल जाणवतो. स्प्रिंगच्या या रचनेचं पेटंट आयबीएमच्या रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या नावावर १९७८ मध्ये नोंदवलं गेलं. हे कीबोर्ड महाग होते, जड होते, आणि धुळीला दाद देत नसत.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीला याच जातीचा ८३ बटणांचा कीबोर्ड होता. यंत्र सुरू होताना स्वतःची तपासणी करायचं आणि कीबोर्डात खोट सापडली तर पडद्यावर ३०१ हा आकडा दाखवायचं. एखादं बटण दबलेलंच राहिलं असेल तर ३०१ च्या आधी आणखी एक संकेतांक येई, त्या बटणाचा. '३९ ३०१' दिसलं की स्पेसबार अडकलाय, कव्हर उघडायच्या आधीच कळायचं. सामान्य माणसाला हे आकडे म्हणजे जादूटोणा वाटत असणार. पण दुरुस्तीवाल्याशी इतक्या मोजक्या अक्षरांत बोलणारं यंत्र पुढे फार काळ टिकलं नाही.

त्याच्या जागी पुढच्या पीसींमध्ये जी सूचना आली, ती विनोदात जमा झाली: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. लोक हसतात, पण सूचना अगदीच वेडगळ नाही. वायर निसटलेली असेल तर ती खोचून मग एफ-वन दाबता येतं.

१९८५ च्या सुमारास आयबीएमचा १०१ बटणांचा मॉडेल एम आला, आणि आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कीबोर्डांची मांडणी त्याच्यावरूनच उचललेली आहे. तो दोन किलोहून जड होता. त्याच्या बटणांच्या टोप्या ओढून काढता येत, साबणाच्या कोमट पाण्यात धुता येत, वाळवून परत बसवता येत. आत मात्र कंपनीनं काटकसर केली होती. विद्युतधारितेच्या जाळीऐवजी तारा छापलेले प्लॅस्टिकचे पातळ पडदे, आणि ते लोखंडी पत्र्याला प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या बुटक्या खुंट्यांनी जोडलेले. खुंट्या तोडल्याशिवाय पडद्यापर्यंत हात जात नाही, आणि तोडल्या की त्या परत जोडता येत नाहीत. वरची घाण धुता यावी आणि आतली पोचू नये, असा तो करार. हौशी लोक आज या खुंट्या छाटून, भोकं पाडून, बारीक बोल्ट बसवतात आणि चाळीस वर्षांचे कीबोर्ड चालवतात. पुढच्या काळातल्या काही मॉडेल एममध्ये सांडलेलं पाणी खालून वाहून जायला वाटही दिलेली होती. टेबलावर कॉफी असतेच, हे कुणीतरी मान्य केलं म्हणायचं.

स्वस्त करण्याची चढाओढ मात्र एव्हाना सुरू झाली होती. इंग्लंडच्या सिंक्लेअरनं १९८१ च्या झेडएक्स ८१ मध्ये बटणंच ठेवली नाहीत. सपाट पडद्यावर अक्षरं छापली आणि बोटानं दाबायचं. धूळ शिरायला जागाच नाही, पुसलं की झालं, फक्त टाइप करणं कोणालाही जमेना. आयबीएमनं स्वतःच्या स्वस्त पीसी-ज्युनिअरला चिक्लेट या च्युइंगगमच्या गोळ्यांसारखी सुटी-सुटी बटणं दिली. त्यावर इतकी टीका झाली की १९८४ मध्ये ग्राहकांना नवा कीबोर्ड फुकट द्यावा लागला. की-ट्रॉनिक कंपनीच्या अनेक कीबोर्डांत बटणाखाली स्पंजाची चकती आणि तिला चिकटवलेला धातूचा पातळ कागद असे. तो स्पंज काही वर्षांनी आपोआप कुजून भुगा होतो. बाहेरची धूळ आत येऊच दिली नाही तरी कीबोर्ड आतूनच कचरा तयार करतो. ॲपलचा लिसा किंवा कॉम्पॅकचा पहिला पोर्टेबल संगणक सुरू करू पाहणाऱ्या संग्राहकाला आजही आधी एकेक चकती हातानं बदलावी लागते.

शेवटी जिंकला तो रबरी घुमटांचा कीबोर्ड. प्लॅस्टिकच्या तीन पडद्यांवर एक रबरी चटई, तिच्यावर बटणं. बनवायला इतका स्वस्त, की दुरुस्तीचा हिशेबच बसेना.

भारतातल्या बँकांत संगणक आला तो बंद दाराआड. १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्याच वर्षी याच विषयावरच्या रंगराजन समितीचा अहवाल आला. शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. ती ज्या खोलीत असत, तिथे एसी असे, दाराशी चपला काढाव्या लागत आणि संध्याकाळी कीबोर्डावर प्लॅस्टिकचं कव्हर चढे. देवघराला नसतील इतके सोवळ्याचे नियम त्या खोलीला होते. यंत्र महाग आणि आयात केलेलं होतं, म्हणून भीती होती, हे खरं. पण चपलांबरोबर येणारी माती आणि उघड्या खिडकीतून येणारी धूळ या भीतीला खरा आधारही देत होती. दशकभरात यंत्रं काउंटरवर आली, एसी गेला, आणि कीबोर्डावर चहा आला.

चहाचं प्रकरण साध्या पाण्यापेक्षा वाईट. पाणी सांडलं आणि वायर लगेच उपटून कीबोर्ड पालथा घातला, दोन-तीन दिवस नीट वाळू दिला, तर तो बऱ्याचदा परत चालू होतो. चहातली साखर आणि दूध मागे राहतात. बटण खाली जातं ते वर येत नाही, किंवा उशिरा येतं आणि एकच अक्षर पाच वेळा उमटतं. पडद्यांवर छापलेल्या तारांना ओल धरली की त्या काळ्या पडून तुटतात. कोकणातल्या पावसाळ्यात चहा न सांडताही हे होतं. अशा वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, कारण ते घाण सोडवून लवकर उडून जातं. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन चालत नाही, कारण बटणांचं एबीएस प्लॅस्टिकच त्यात विरघळतं. मधल्या काळात कितीतरी कीबोर्ड या एका गैरसमजापायी पांढरट, खरबरीत होऊन भंगारात गेले.

या धांदलीत एका देशी कीबोर्डानं नाव कमावलं: चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा गोल्ड. त्याच्या बटणांखाली जर्मनीच्या चेरी कंपनीचे एमएक्स जातीचे स्वतंत्र स्विच होते, आणि तो टाइपरायटरच्या आठवणीत वाढलेल्या लोकांना आवडेल असा टकटक वाजायचा. डेटा एंट्रीची कार्यालयं, बँका, डीटीपीची दुकानं इथे तो वर्षानुवर्षं टिकला. त्यात प्रत्येक बटणाचा स्विच वेगळा असतो. एक मेला तर तेवढा डाग सोडवून काढायचा आणि दुसरा लावायचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर मराठी मजकूर बसवणारे बरेचसे ऑपरेटर टायपिंग इन्स्टिट्यूटमधूनच आलेले होते. बोटांना मराठी टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी पाठ, त्यामुळे बटणांवरची अक्षरं पार पुसली गेली तरी त्यांचं काही अडत नसे. सरकारनं १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेली इन्स्क्रिप्ट मांडणी शिकायला मुळाक्षरांच्या क्रमामुळे सोपी होती, पण ज्यांचा हात एकदा बसला होता, त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

दरम्यान घाणीची व्याख्याच बदलली. तोवर कीबोर्ड चालत नाही म्हणून साफ केला जाई. २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या विल्यम रुटाला आणि सहकाऱ्यांनी २५ कीबोर्ड तपासले, तेव्हा चालू, व्यवस्थित कीबोर्डांवरही रुग्णालयात पसरणारे जिवाणू सापडले. निर्जंतुक द्रावाच्या फडक्यानं पाच सेकंद पुसलं तरी ९५ टक्क्यांहून जास्त जिवाणू जातात आणि ३०० वेळा पुसूनही बटणं किंवा अक्षरं खराब होत नाहीत, असं त्यांना आढळलं. हा उपयोगाचा निष्कर्ष फारसा कुणी वाचला नाही. गाजली ती २००८ ची ब्रिटनमधली बातमी. 'विच?' या ग्राहक-संस्थेच्या संगणक मासिकानं लंडनच्या एका कार्यालयातले ३३ कीबोर्ड तपासले, आणि त्यांतला एक शौचालयाच्या आसनापेक्षा पाचपट घाणेरडा निघाला. तेव्हापासून ही तुलना थांबलेली नाही.

बिघडलेलं एक बटण न्यायालयापर्यंत गेलं ते त्यानंतर दहा वर्षांनी. ॲपलनं २०१५ मध्ये बारा इंची मॅकबुकबरोबर फुलपाखराच्या पंखांसारखी उघडमीट करणारी नवी रचना आणली. आधीच्या कात्रीसारख्या रचनेपेक्षा ती ४० टक्के पातळ असल्याचं कंपनीनं मोठ्या दिमाखात सांगितलं. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. आता एवढ्या फटीत पावाचा कण गेला तर काय होतं, ते अमेरिकी पत्रकार केसी जॉन्स्टन यांनी २०१७ च्या ऑक्टोबरात लिहिलं. स्पेसबार चालेना म्हणून त्या दुकानात गेल्या. असेल धूळ, असं तिथल्या माणसानं सांगितलं. कीबोर्ड वेगळा निघत नव्हता. तो, लॅपटॉपचं वरचं आवरण आणि चिकटवलेली बॅटरी हे सगळं एकच अंग होतं, आणि बदलायचं तर सगळंच बदलावं लागणार होतं. हॉटेलच्या टेबलावर झटकून टाकण्याजोगा कण आणि शेकडो डॉलरचं बिल यांच्यामध्ये काहीच उरलं नव्हतं.

ॲपलची अधिकृत सूचना अशी: लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरा, दाबलेल्या हवेचा डबा घ्या, डावीकडून उजवीकडे फवारा मारा, मग लॅपटॉप उजव्या कुशीवर वळवून पुन्हा, मग डाव्या कुशीवर. वर्षाला लक्षावधी यंत्रं विकणाऱ्या कंपनीनं ग्राहकाच्या हाती दिलेलं हे कर्मकांड होतं. मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांचा सामूहिक दावा दाखल झाला. जूनमध्ये कंपनीनं मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. जुलैत आलेल्या नव्या यंत्रांत आवाज कमी केल्याचं सांगितलं गेलं. आयफिक्सिट या संस्थेनं ती उघडली तर बटणांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा निघाला, आणि तो कचरा अडवण्यासाठीच असल्याचं कंपनीच्या दुरुस्ती केंद्रांसाठीच्या कागदांतून बाहेर आलं. तरीही बटणं अडतच राहिली. मार्च २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या जोआना स्टर्न यांनी ई आणि आर गाळूनच आपला स्तंभ छापला. त्यांच्या यंत्राची तीच दोन बटणं गेली होती. पहिल्या टाइपरायटरपासून शेजारी बसलेली ती जोडी.

नोव्हेंबर २०१९ च्या सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्रीची रचना परत आली आणि बटण पुन्हा एक मिलिमीटर खाली जाऊ लागलं. जुलै २०२२ मध्ये दावा ५ कोटी डॉलरवर मिटला. दोन किंवा अधिक वेळा वरचं आवरण बदलावं लागलेल्यांना ३९५ डॉलरपर्यंत, एकदा बदललेल्यांना १२५ पर्यंत, आणि नुसत्या टोप्या बदलून घेतलेल्यांना ५० पर्यंत. तेही अमेरिकेतल्या सात राज्यांतल्या खरेदीदारांना. मुंबई-पुण्यातल्या ग्राहकाच्या वाट्याला फक्त मोफत दुरुस्तीची योजना आली, खरेदीपासून चार वर्षं.

ती मुदत संपलेले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत येतात. तिथल्या कारागिराला ॲपलच्या केंद्रासारखं अख्खं आवरण बदलायची सक्ती नसते. तो बॅटरी जपून सोडवतो, कीबोर्डाला धरून ठेवणारे डझनावारी बारीक रिव्हेट एकेक करून उचकटतो, नुसता कीबोर्ड नवा टाकतो आणि रिव्हेटच्या जागी स्क्रू लावतो. सोळा इंची यंत्रातही कीबोर्ड रिव्हेटनंच बसवलेला आहे, त्यामुळे त्याचं हे काम कमी झालेलं नाही.